खराब पाण्याची नळी

१

खराब पाण्याची नळी आपण मातीवर नुसती सोडली होती की मातीत खुपसली होती, हे पिलारे सरांना आता शपथेवर सांगता येत नाही. डोळ्यांसमोर चित्र येतं ते असं: दिवाळीनंतरची सकाळ आहे, ते घरामागच्या सांदवाडीत उकिडवे बसले आहेत, आणि करंगळीपेक्षा बारीक अशी ती पांढरी नळी धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, पानांखाली चपट्या दगडाने दाबून ठेवत आहेत. पण त्याच चित्रात त्यांच्या अंगात पत्नीने, मनकर्णाबाईंनी, विणलेला तपकिरी स्वेटर असतो. तो स्वेटर उंदरांनी कुरतडला म्हणून आदल्याच वर्षी टाकून दिला होता, हेही त्यांना पक्कं आठवतं. मग चित्रातला दगड तरी कशावरून खरा?

केवळराम पिलारे यांनी ब्रह्मपुरीच्या कॉलेजात एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. निरीक्षण आधी लिहा, अनुमान नंतर, हे त्यांचं वर्गातलं पालुपद. आणि स्वतःच्या हातांनी केलेल्या एवढ्याशा कामाचं निरीक्षण मात्र त्यांनी कुठे लिहून ठेवलं नाही.

पाणी साफ करायचं मशीन आणलं ते नागपूरहून, २००२ च्या दिवाळीत. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे हे त्यांनी कॉलेजात असतानाच तपासलं होतं. मनकर्णाबाई गेल्यापासून घरात ते एकटेच; तरी मशीन आणलं. ते बोअरच्या पाण्याचे दोन भाग करायचं. साफ पाणी टाकीत, आणि क्षार उरलेलं खराब पाणी बारीक नळीने बाहेर. एक तांब्या साफ तर तीन तांबे खराब. हे तीन तांबे मोरीत सोडायला सरांचं मन होईना. म्हणून त्यांनी नळी खिडकीतून सांदवाडीत नेली, जिथे फारसं काही उगवत नव्हतं त्या कोपऱ्यात, धोप्याच्या दोन मरतुकड्या रोपांपाशी.

होळीपर्यंत तिथली पानं सुपाएवढी झाली.

२

मे महिन्यात मुलगी आली, दिव्यानी. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. माहेरी आई नसली तरी बाप होता. जावई निकेश भद्रावतीला, फॅक्टरीच्या कॉलनीत क्वार्टर. तो पोचवून गेला. धुण्याभांड्याला आणि पुढे बाळंतिणीच्या मालिशीला गुणाबाई येऊ लागली. गुणाबाई जुनी. दिव्यानीचा जन्म ह्याच जागेवरच्या मातीच्या घरात तिच्याच हातांनी झाला होता. तेव्हा सर पेपर तपासायला नागपूरला होते.

मशीनची धार बारीक झाली ती त्याच आठवड्यात.

"बाबा, तुमची मशीन लाजून राह्यली का?" दिव्यानी नळाखाली गिलास धरून उभी होती. "गिलास भरेपर्यंत माही तहानच मरून जाते."

"लोडशेडिंग आहे ना बेटा. पंप चालायला वीज पाहिजे."

"वीज त आता आहे."

वीज होती. पंप गुरगुरत होता. सरांनी वही काढली. मशीन बसवलं त्या दिवशी ते मिनिटाला नव्वद मिलिलिटर साफ पाणी देत होतं. त्यांनी मोजपात्र धरलं. पन्नास.

गाळण्याची कँडल उघडली तर ती तपकिरी गिळगिळीत थराने माखलेली. बोटाला तार यावी तसा तो थर लोंबला. बोअरच्या पाण्यातल्या लोहामुळे असं होतं, ह्यात नवल नाही, हे सर जाणून होते. तरी ब्रशने घासताना शेंबूड पुसल्यासारखं वाटलं आणि त्यांनी मान वळवली. कँडल पांढरी होईस्तोवर घासली, बसवली, पुन्हा मोजलं.

पन्नासच. संध्याकाळी पंचेचाळीस.

त्या दिवशी दिव्यानीला धोप्याच्या वड्या खाव्याशा वाटल्या. गुणाबाई पिशवी घेऊन बाजारात निघाली.

"अहो गुणाबाई, घरामागे एवढी पानं माजली आहेत," सर म्हणाले.

"ते राहू द्या जी," ती म्हणाली आणि चपला घालून गेली.

३

पुढच्या सोमवारी दवाखान्यात सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरून नजर न काढता विचारलं, "पाणी पिता का नीट?"

"तेच त करून राह्यली दिवसभर," दिव्यानी म्हणाली.

मग बाईंनी सरांना आत बोलावलं. "सर, बाळाभोवतीचं पाणी कमी झालंय. हवं त्याच्या निम्मं आहे. भरपूर पाणी, आराम, रोज सलाइन, आणि आठ दिवसांनी परत बघू. आणखी उतरलं तर वाट बघता येणार नाही. आठव्या महिन्याचं बाळ, त्यात वजन कमी; एवढंसं बाळ सांभाळायची सोय इथं नाही. नागपूरला न्यावं लागेल, आणि तेवढा वेळ मिळेलच असंही नाही."

बाईंनी कागदावर काढलेली उतरती रेघ सरांनी पाहिली. घरी आल्यावर त्यांनी आपली वही उघडली आणि लगेच मिटली. दोन रेघा सारख्या दिसतात एवढ्यावरून त्यांचा संबंध लावणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण त्यांनी आयुष्यभर कापले होते.

त्यांनी बाबूभाईला बोलावलं. बसस्टँडजवळ त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान; अलीकडे तो ह्या मशीनीही बघायचा. पन्नाशीचा माणूस, हातांना कायम वार्निशचा वास.

"सरजी, तुमी मशीनीले पेपर तपासल्यावानी तपासून राह्यले," वही बघून तो हसला. "अशानं ते घाबरून पास नाई होनार."

त्याने पंप पाहिला, विजेचा दाब पाहिला. आतली गुंडाळी, तिला तो मेंब्रेन म्हणायचा, बाहेर काढून उजेडात धरली. "एकदम चकाचक. हिचा कसूर नाई." मग तो दोन्ही नळ्यांखाली दोन भांडी ठेवून बसला आणि हळूहळू हसायचा थांबला.

"पाहा सरजी. साफ पानी कमी होऊन राह्यलं, कारन खराब पानी जादा जाऊन राह्यलं. दाब टिकतच नाई. आता ही बाहेरची नळी काढतो." नळी काढली. साफ पाण्याची धार जोरात आली. सरांनी मोजलं: नव्वद. "अन आता लावतो." धार सुकली. तीस.

"बाहेर कोनी खेचून राह्यलं जनू," बाबूभाई म्हणाला.

"सायफन असेल," सर म्हणाले. "नळी खिडकीवरून खाली उतरते ना." त्यांनी वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. उतार चार फुटांचा. पंपाच्या दाबापुढे चार फुटांचा सायफन म्हणजे हत्तीच्या पाठीवरची माशी. त्यांनी तीनदा मांडलं. नळी अडथळा आणू शकते. ओढू शकत नाही.

४

"आत कचरा असन," बाबूभाई म्हणाला. "एक डाव तोंडानं ओढून पाहा लागते, स्कूटरच्या पेट्रोलवानी." त्याने नळी ओठांपर्यंत नेली.

"द्या इकडे. माझा जन्म पिपेट ओढण्यात गेला."

त्या काळचे रसायनशास्त्राचे मास्तर असेच. आम्ल असो, अल्कली असो, काचेची नळी तोंडात धरायची, ओढायचं, आणि द्रव जिभेला लागायच्या आत बोट ठेवायचं. एकतीस वर्षांत सरांच्या जिभेला एकदाही काही लागलं नव्हतं. मुलीसमोर नाही तरी बाबूभाईसमोर त्यांना हे दाखवायचं होतं, असं आज त्यांना वाटतं.

त्यांनी ओढलं. काही आलं नाही. आणखी जोराने ओढलं. नळी दोन्हीकडून ताणल्यासारखी झाली. पलीकडूनही तेवढंच ओढलं जात होतं. सरांचे गाल आत गेले. मग पलीकडचं एकदम सुटलं.

तोंड भरलं. ते पाणी नव्हतं. कोमट होतं, अंगाएवढं कोमट. दाट, किंचित गोड, आणि गोडाच्या मागून आंबट. त्यात भरड कण होते, नासलेल्या दुधात असतात तसे. एक कण दाढेखाली आला आणि फुटला. सरांनी बेसिनमध्ये थुंकलं, पण त्याआधी घशाने थोडं गिळलं होतं, आपसूक, कारण घसा तेवढंच जाणतो.

बेसिनच्या काठाला पांढरट तारा चिकटल्या होत्या. त्या खाली ओघळत नव्हत्या.

बाबूभाईने वाकून पाहिलं आणि दोन्ही हात पायजम्याला पुसले, जणू तोंडात त्याच्याच गेलं होतं. "बेडूक-गिडूक मेलं असन सरजी. नळीच बदलून टाका." तो घाईने निघाला. पाना ओट्यावर विसरला. तो न्यायला तो पुढे कधी आला नाही.

सरांनी मीठ घेऊन जीभ घासली, मग लिंबू, मग पुन्हा मीठ. जेवणाची शिसारी आली. दिव्यानीने ताकाचा गिलास पुढे केला तेव्हा त्यांना न्हाणीकडे धावावं लागलं. वास ओळखीचा होता, हे त्यांना दुसऱ्या दिवशी पहाटे कळलं. चोवीस वर्षांपूर्वी मनकर्णाबाईंच्या खांद्यावरच्या फडक्याला हाच वास असायचा. तान्ह्याने पिऊन झाल्यावर काढलेली ओकारी.

५

अकराला लाइन गेली. तीनपर्यंत येणार नव्हती. दिव्यानी समोरच्या खोलीत हातपंख्याने वारा घेत पडली होती. पंखे थांबले, फ्रिज थांबला, घर एकदम बहिरं झालं. सर ओट्यापाशी नवी नळी घेऊन उभे होते.

तेव्हा त्यांना ऐकू आलं. चुळुक, चुळुक, चुळुक, चुळुक. मग काही नाही. मग पुन्हा चारदा.

मशीन बंद होतं. दिवासुद्धा विझलेला. सरांनी कान लावला. आवाज मशीनचा नव्हता, नळीचा होता. वीज नसताना पाणी वाहायला दाब कुठला? नळीत उरलेली हवा, त्यांनी स्वतःला सांगितलं. उन्हाने तापून फुगते, निवून आकसते. पण हवा चार मोजून थांबत नाही.

त्यांनी मशीनमधून नळी उपसली आणि तिच्या मोकळ्या तोंडावर तर्जनी ठेवली.

नळीने बोट ओढलं. कातडी आत गेली, टोक बधिर झालं, सुटलं, पुन्हा ओढलं. जोर फार नव्हता. वासराच्या तोंडात बोट दिल्यावर जसं खालून जिभेचं आणि वरून टाळूचं दाबणं कळतं, तसं होतं. वीस फूट नळीच्या ह्या टोकाला. सरांनी हात झटकला. बोटावर गोल लाल वळ होता आणि बोट ओलं होतं.

ते बाहेर गेले. ऊन डोळ्यांत खुपत होतं. लपायला कुठे अंधार नव्हता. धोपा कंबरेएवढा उभा, देठ मनगटाएवढे, पानांखाली सर्दावलेला आंबूस दर्प. दगड कुठेच नव्हता. सरांनी काठीने पान वर केलं.

नळी सरळ मातीत उतरली होती. तिच्याभोवतीची माती काळी, तुकतुकीत, आणि चुण्या पडलेली. चुण्या नळीकडे येत होत्या, बंद ओठांवर येतात तशा. त्या आवळल्या. सैल झाल्या. आवळल्या. गांडूळ, सर मनात म्हणाले. मग म्हणाले, बुडबुडे. चारदा झाल्यावर माती थांबली, आणि थांबताना तिने आवंढा गिळला, असं त्यांना दिसलं. दिसलं असं वाटलं. पान काठीवर डोलत होतं, त्यामुळे खालची सावलीही हलत असणार.

त्यांनी दोन्ही हातांनी नळी ओढली. वीतभर आली, हातभर आली, दोन हात आली. शेवटी ठप्‌ असा आवाज झाला. पीत असलेल्या मुलाला छातीपासून जबरदस्तीने दूर केल्यावर होतो, तो. मातीतलं भोक उघडंच राहिलं. त्याची कड एकदा मिटली, उघडली; पुन्हा मिटली, उघडली. शोधत असल्यासारखी.

सरांनी त्यावर पायाने माती लोटली आणि ते आत आले.

नळीचं टोक चघळलेल्या उसासारखं चपटं झालं होतं, पांढऱ्या दहीवजा घाणीने भरलेलं. दाताची एकही खूण नव्हती. दोन्ही बाजूंनी नुसतं गुळगुळीत दाबलेलं. सरांना ते फेकायचं होतं. पण सवयीने त्यांनी ते कापलं, नमुन्याच्या बाटलीत घातलं आणि वर तारीख लिहिली.

६

दारात गुणाबाई घासलेल्या भांड्यांचं टोपलं घेऊन उभी होती. तिचं लक्ष त्यांच्या हातांकडे होतं.

"तिथी कायले गेले होते जी?"

"नळी काढायला. घाण साचली होती."

तिने टोपलं खाली ठेवलं. "भाऊ, ते जागा जुन्या न्हानीची होय. दिव्यानीची वार मीच पुरली तिथी, गाडग्यात घालून. मायलेकीचं आंगधुनीचं पानी त्याच्यावरच सोडलं. नाळ पडली तवा बंद केलं."

"बरं, मग?"

"मंग काई नाई. बंद करतेत." तिने हात पदराला पुसले. "तुमी कई पासून देऊन राह्यले?"

"दिवाळीपासून."

"सहा मयने," ती म्हणाली. बोटांवर मोजलं नाही, नुसतं म्हणाली. "मले पुसाचं होतं जी एक डाव."

सर चिडले. वार म्हणजे मांस. जमिनीत वर्षभरात कुजून तिची माती होते, चोवीस वर्षांनी तिथे कणही उरत नाही, हे त्यांनी तिला बी.एस्सी.च्या वर्गाला सांगावं तसं सविस्तर सांगितलं. गुणाबाईने सगळं ऐकून घेतलं.

"हो जी. तुमी शिकले हा," ती म्हणाली आणि भांडी फळीवर लावू लागली.

नवी नळी सरांनी दुसऱ्या बाजूने, रस्त्याकडच्या नालीत सोडली. मोजलं. नव्वद. दिव्यानी उभ्याउभ्या दोन गिलास प्यायली. आठ दिवसांनी सोनोग्राफीत बाळाभोवतीचं पाणी वाढलेलं निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आरामाचा आणि सलाइनचा गुण. सरांनी त्यांचे आभार मानले आणि त्यांच्यावर विश्वास ठेवला. निदान दिवसा तरी.

जुलैत दिवस भरून मुलगी झाली. आजीच्या नावावरून तिला मनू म्हणायचं ठरलं. सांदवाडीतला धोपा तोवर पिवळा पडून आडवा झाला होता.

७

बाळ-बाळंतीण घरी आल्यावर आठवडाभर सगळं ठीक चाललं. मग मनू रडायला लागली. भुकेचं रडणं आणि दुखण्याचं रडणं ह्यांतला फरक सर विसरले होते, पण गुणाबाईला कळत होता.

दवाखान्यात वजन केलं. जन्मल्यापेक्षा पाव किलो कमी. डब्याचं दूध दिलं तर पोर ते नाकातोंडातून बाहेर टाकायची. "आईचंच दूध यायला पाहिजे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोन दिवसांत वजन वाढलं नाही तर दाखल करा." बाळाची टाळू खोल गेली होती. सरांनी तिथे बोट ठेवलं आणि त्यांना आपलं बोट नको झालं.

त्या दुपारी ते स्वयंपाकघरात होते आणि आतल्या खोलीतलं बोलणं त्यांच्या कानावर आलं. ऐकायचं नव्हतं, पण हललेही नाहीत.

"गुणाबाई, निजली तवा दोनी दाटून होते. दुखून राह्यले होते इतके. उठली त दोनी रिते."

"पोरीनं पेलं असन."

"पोरगी पाळन्यात निजून होती. मीच उचलली ना आता." मग आवाज खाली आला. "मले झोपेत कळते. ओढून राह्यलं असं कळते. मले वाटते मनू होय. अन थंडं लागते तोंड. गारढोन."



"पदर बदलव बाई," गुणाबाई म्हणाली.

ती लुगड्याचा बोळा घेऊन मोरीकडे गेली. बादलीत टाकायच्या आधी तिने पदर सरांसमोर उलगडला. आतल्या बाजूला, अंगाला लागते त्या बाजूला, काळ्या मातीचा डाग होता. गोल, रुपयाएवढा, कडेला चुण्या उमटलेल्या. मधोमध माती ओली होती आणि तिच्यात पांढरं मिसळलं होतं. धोप्याचा दर्प आणि ओकारीचा वास एकत्र आला. सरांनी तोंडावर हात दाबला.

"तिकडचं बंद केलं भाऊ तुमी," गुणाबाई हळू म्हणाली. "मंग इकडं आलं."

खोलीची खिडकी बंद होती. सरांनी ती जाऊन पाहिली. फरशी पाहिली, पलंगाखाली पाहिलं. भिंत आणि फरशी जिथे मिळतात तिथे एक ओल आलेली रेघ होती, पावसाळ्यात सगळ्याच घरांना येते तशी.

ह्या वेळी त्यांनी वही काढली नाही.

८

ते एकटेच सांदवाडीत गेले, नालीतली नळी घेऊन. तीनचा सुमार, ढगाळ. सडलेली पानं बाजूला केली, तेव्हा त्यांचा बुळबुळीत रस मनगटापर्यंत आला. मातीवर खूण नव्हती. सरांनी मशीन सुरू करून नळीतून पाणी आलेलं पाहिलं आणि ती खाली ठेवली.

हे मात्र त्यांना स्पष्ट आठवतं, आणि ह्यात स्वेटर नाही. नळी त्यांनी मातीवर नुसती ठेवली. खुपसली नाही. हात मागे घ्यायच्या आत ती वीतभर आत गेली होती.

स्वयंपाकघरात साफ पाण्याची धार दोऱ्याएवढी झाली. तिसऱ्या दिवशी मनू पोटभर पिऊन झोपली आणि चौथ्या दिवशी वजन वाढलं. दिव्यानीला सरांनी काही सांगितलं नाही. सव्वा महिना झाल्यावर निकेश येऊन दोघींना भद्रावतीला घेऊन गेला.

"बाबा, आता तुमीबी चला ना," दिव्यानी दर वेळी म्हणायची. "इथी एकटे काय करून राह्यले?"

"मशीन आहे ना," ते म्हणायचे, आणि ती हसायची.

लाइन नसली की ते तांब्याने पाणी घालत. एक दिवस चुकला तर त्या संध्याकाळी भद्रावतीला फोन करून मनूचं खाणंपिणं विचारत. त्या मशीनचं पाणी त्यांनी पुन्हा तोंडाला लावलं नाही. बोअरचं उकळून प्यायले, फ्लोराइडसकट. सहा-आठ महिन्यांनी नळीतून पाणी वाहायचं बंद होई. मग ती उपसायची, चघळलेलं टोक कापायचं, बाटलीत घालायचं, तारीख लिहायची. उपसताना दर वेळी आधीपेक्षा जास्त जोर लागे. बाटल्या त्यांनी पुस्तकांच्या मागे ठेवल्या. दुसऱ्या बाटलीतल्या टोकावर खालच्या बाजूला दोन बारीक खाचा होत्या. सरांनी बाटली पालथी ठेवली. मातीतल्या खड्याच्या खुणा असतील. उंदराच्या असतील.

२००९ च्या दिवाळीनंतर त्यांनी सगळ्यांत ताजं टोक धुतलं, उकळत्या पाण्यात घातलं, रुमालात बांधलं आणि आपल्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे नेलं. तो दातांचा डॉक्टर झाला होता. कुठून आणलं ते सांगितलं नाही. एवढंच विचारलं की ह्या खुणा कशाच्या.

त्याने दिव्याखाली धरून फिरवून पाहिलं. "नातीची सवय का सर?" तो हसत म्हणाला. "खाली चार पक्के दात. वर मधले दोन नुकतेच आलेले, त्यांची कड अजून झिजलेली नाही, करवतीसारखी दिसते बघा. शेजारचे दुधाचे. नुकती सात पूर्ण झाली असेल. सोडवा ही सवय, जबड्यात जोर फार आहे."

घरी येऊन सरांनी भद्रावतीला फोन लावला. मनूला सव्वासहा वर्षं झाली होती.

"दात पडला का गं एखादा?"

"नाई आबा," ती नाराजीने म्हणाली. "वर्गात साऱ्याईचे पडले. माहाच एकबी नाई पडला अजून."

फोन ठेवून त्यांनी मशीनचं कार्ड शोधून काढलं. बसवल्याच्या तारखेच्या चौकटीत त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: नोव्हेंबर २००२.